डिग्री आणि तुरीचा दाणा

अमरावतीहून अकोल्याला जाताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. खिशातून तुरीचा एकेक दाणा काढायचा, डोळे मिटून दाताखाली फोडायचा आणि मान हलवायचा. एक दाणा त्यानं मलाही सुपारीसारखा दिला. माझ्या दाढेतून कळ गेली, तर खूश होऊन म्हणाला, "मस्त वाळली हाय. घ्याले हरकत नाही."

बोलता बोलता कळलं, गडी धान्याचा व्यापारी, आणि एका नावाजलेल्या कॉलेजातून एमबीए झालेला. माझ्या मुलाला नुकताच तिथंच प्रवेश मिळाला होता. त्यालाही व्यापारातच पडायचं होतं, आणि पाठवावं की नाही यावरून आमच्या घरात अबोला चालू होता. मी घाईनं विचारलं, "व्यापारात त्या डिग्रीचा काही उपयोग झाला का हो?"

"काहून नाही, काका? डिग्री पाहूनच तर मले पोरगी देल्ली. सासऱ्याची धान्याची अडत हाय अकोल्यात. आता गादीवर मीच बसतो."

"आणि हे दाणे फोडणं?"

"ते सासूनं शिकवलं."

घरी आल्यावर मुलाला बॅग भरायला सांगितलं, आणि बायकोला अकोल्यातल्या अडत्यांच्या मुली शोधायला. मुलीआधी तिची आई बघ, एवढं मात्र बजावलं.