परवा येईन

कण पारदर्शक आहे, एका बाजूने किंचित तांबूस, आणि शाईत अर्धा रुतलेला. डोळे मिटले तरी तो दिसतो, कारण सकाळभर मी सूक्ष्मदर्शकाखाली तोच पाहत होते. आता रविवारची दुपार आहे. वीज गेली आहे, पंखा थांबत आला आहे. झोप लागते आहे की नाही, तेही मी तपासतेच आहे.

कण वाळूचा आहे. पूर्वी आपल्याकडे ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरवत, तशी. पण हे हस्तलिखित अ‍ॅग्नेस थॉर्ली या इंग्रज कवयित्रीच्या एकुलत्या एका कादंबरीचं आहे. पाचगणीत येऊन राहिलेल्या या बाई टीपकागद वापरत. त्यांच्या कवितांच्या कागदांवर त्याच्याच खुणा आहेत. बोटं आखडल्यावर त्यांनी कादंबरी सांगितली आणि त्यांच्या लेखनिक रूथबाई चक्रनारायण यांनी ती उतरवून घेतली, असं सगळे मानतात. माझा विश्वास नाही. अर्ध्या कादंबरीनंतर एकाएकी वाळू सुरू होते. खोडलेल्या शब्दावर वाळू, आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेल्या नव्या शब्दावर पुन्हा वाळू. म्हणजे शब्द आधी वाळला, मग कोणीतरी विचार करून बदलला.

"मॅडमनी सांगूनच बदलला असेल की!" संग्रहालयाचे भिलारेसाहेब म्हणतात. तेही शक्य आहे. त्यामुळे कादंबरीच्या पितळी पाटीवर नाव कोणाचं घालायचं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. दर वेळी म्हणते, आणखी एक चाचणी.

"टीपकागद संपला होता," कोणीतरी म्हणतं.

मी व्हरांड्यात उभी आहे. बाहेर सिल्व्हर ओकची पानं उलटीसुलटी होताहेत. वेताच्या खुर्चीत एक बाई बसली आहे, राखाडी झगा, गळ्याशी ब्रूच.

"आपण?"

"अ‍ॅग्नेस थॉर्ली."

"मराठी छान बोलता."

"मेल्यावर वेळ पुष्कळ मिळतो."

मला हसू येतं, पण शंका जात नाही. फोटोत मिस थॉर्ली काठी गिळल्यासारख्या ताठ बसतात. या बाईंनी एक पाय खुर्चीवर मुडपून घेतला आहे.

"हात बघू, मॅडम."

त्या हात पुढे करतात. आम्ही माझ्या प्रयोगशाळेत आहोत आणि त्यांचा हात भिंगाखाली आहे. व्हरांडा कुठे गेला, असं मी विचारत नाही.

"बोटं सरळ झाली तुमची."

"इथे सगळं बरं होतं."

"चष्मा गेला नाही तो?"

त्या चष्मा काढून झग्याच्या खिशात घालतात. "फार चौकस बाई आहेस तू. लग्न झालंय?"

"कादंबरी केव्हा संपवलीत?"

"परवा."

मी ते मनात टिपून ठेवते. भिंग नाहीसं झालं आहे. आम्ही चर्चच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो आहोत आणि समोर, वेदीच्या जागी, संग्रहालयाचं दार आहे.

"पाटी केव्हा लावणार?" त्या विचारतात.

"ठरलेलं नाही."

"मग परवा लावून टाका."

"मघाशी परवा मागे होता. आता पुढे गेला."

"मग? आपल्यात कुठे दोन शब्द आहेत त्याला?"

"आपल्यात?"

त्या जीभ चावतात.

समोरच्या दारावर, खऱ्या संग्रहालयाच्या दारावर आहे तशीच, कादंबरीतली ती गाजलेली ओळ रंगवलेली आहे. नायिका वाट पाहणाऱ्या बहिणीला सांगते, 'आय शॅल कम टू यू द डे बिफोर यस्टरडे.' काल झाला, त्याच्याही आदल्या दिवशी मी येईन. या ओळीवर प्रबंध झाले आहेत. काळ उलटा वाहतो, विरह मागे जातो, असं बरंच काही. मीही ती ओळ कौतुकाने वहीत उतरवून घेतली होती.

"रूथबाई," मी हळूच म्हणते, "तिला परवा यायचं होतं. पुढचा परवा."

त्या तोंडाला हात लावून हसतात. "आणि त्या प्रबंधवाल्यांनी काय काय काढलं गं त्यातून!"

"मॅडमच्या तोंडून हे वाक्य निघालं नसतं."

"मॅडम असत्या तर जांभळ्या शाईने खोडलं असतं. वर आणखी म्हणाल्या असत्या, रूथ, पुन्हा तुझं ते परवा!" हसू थांबतं. "त्या मध्येच गेल्या, ताई. वाचून दाखवायला घरात कोणी उरलं नव्हतं."

"मग नाव त्यांचं का?"

"अर्धी टाकून गेली, असं कोणी म्हणायला नको त्यांना."

हे खरं असेल. पण सगळं खरं आहे, असं मला वाटत नाही.

"वाळू का राहू दिलीत? कागद नीट झटकला असता तर मला काहीच सापडलं नसतं."

त्या खिशातून एक पितळी डबी काढतात. झाकणाला भोकं आहेत.

"हात पुढे कर."

"का?"

"किती विचारतेस! कर."

मी तळहात पुढे करते. त्यावर शाईने काहीतरी लिहिलेलं आहे, ओलं. त्या डबी हलवतात.

"वाळलं की वाच," त्या म्हणतात. "घाई नाही."

फोन वाजतो आहे. पंखा जोरात फिरतो आहे. तळहातावर शाई नाही, पण रेषांमध्ये बारीक वाळू चिकटली आहे. समोर बांधकाम चालू आहे आणि खिडकी उघडी आहे, हे मी आधी लक्षात घेते. मग हात उजेडात धरते. पारदर्शक कण, एका बाजूने किंचित तांबूस.

स्वप्नातलं काही अहवालात लिहिता येत नाही. परवा हा शब्द मात्र जागेपणीही तसाच आहे, आणि ती ओळ कागदावर आहे.

मी डाव्या हाताने फोन उचलते.

"उकिडवेबाई," भिलारेसाहेब म्हणतात, "झोपमोड केली का? पाटीवाला माझ्या जिवावर उठलाय. परवापर्यंत नाव द्या म्हणतो. मॅडमचंच घालू ना?"

"दोन नावं घाला," मी म्हणते. "आणि तुमच्या दारावरची ती ओळ रूथबाई चक्रनारायण यांची आहे."