माडाखालची लाल भाजी

"घे गो, आमच्याकडे कोण खाता?" असं म्हणत आमची वयनी गडग्यावरून तिच्या माडाखालच्या लाल भाजीची जुडी पुढे करायची. तिच्या नि माझ्या घरांमध्ये तेवढा एक चिऱ्यांचा गडगा. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेलच, देणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हाक, "बरी आसस मा गो? पोट नाय मा दुखला?" मी घरात सांगायचे, सख्खी बहीण एवढं विचारणार नाही.

वर्षानुवर्षं हे चाललं. नातीला वरणभाताबरोबर हीच भाजी भरवली मी.

मग वयनीच्या सुनेला दिवस गेले. एकदा दुपारी ती माझ्याकडे जेवायला बसली. वयनी मागच्या दाराने आत आली, ताटात सकाळीच दिलेली भाजी बघितली आणि सुनेच्या हातातला घास उडवला.

"ती भाजी तू खाव नको!"

मग वयनीच बोलली, अगदी सहज. माड लावताना नवऱ्याने वाळवीसाठी खड्ड्याखड्ड्यात पांढरी पावडर पुरली होती. शेतकी हपिसातला माणूस म्हणाला, ही मातीत लवकर मरत नाही. काही वर्षांनी अर्धी उरते, तेवढ्याच वर्षांनी त्याच्या अर्धी. माती तपासून घ्या.

"मगे तपासलंस?" मी विचारलं.

"तपासूक कित्याक होयी? शेजार आसा मा."

वर हसली. सवयीने मीही हसले. मग नात आठवली.

नातीला काही झालं नाही. अजून तरी. असलं विष दुसऱ्या दिवशी पोट दुखवून सांगत नाही, अंगात साठत राहतं, हे मला मागाहून कळलं.

दोन वर्षांनी वयनीने अंथरूण धरलं. तोंडाला चव नव्हती, पेज आणि लाल भाजी मागू लागली. मी ओलं खोबरं घालून करून नेली. घास ओठांशी नेला तशी तिने विचारलं, "खंयची गो?"

"तुझ्याच माडाखालची."

तिने तोंड मिटलं. सून म्हणाली, "आई, खावा मा थोडी." वयनी माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीकडे वळली.

भाजी बाजारातली होती. घरी येऊन मीच खाल्ली, वाटी पुसून. चांगली झाली होती.

चार दिवसांनी वयनी गेली. माडाखाली भाजी अजून आपोआप रुजते, लालभडक. सकाळी गडग्याशी गेले की मी जराशी थांबते. बरी आसस मा, असं कोणी विचारत नाही.