मोटार ऑटोवर होती

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत वायफाय दोन मिनिटं बंद पडलं, की माझी मुलं असा चेहरा करतात, की शेजारणीने येऊन विचारावं, घरात कोण आजारी आहे का? उजनीच्या काठी, मामांच्या गावी मात्र नेट ही चालत जाऊन गाठायची गोष्ट आहे. घरात रेंज नाही, अंगणात नाही, देवळात तर नाहीच. ती मिळते पाण्याच्या कडेला, शेताला पाणी देणाऱ्या मोटारीपाशी, कारण टॉवर पलीकडच्या काठावर. त्यामुळे गावाकडचा प्रत्येक फोन मोटारीच्या घरघरीत होतो आणि आम्ही इकडून "काय? काय?" करत बसतो.

मामेबहिणीची ऑनलाइन मुलाखत ठरली. नोकरी घरूनच करायची होती. मामांनी आधीच बजावलं होतं, "ही शेवटची. न्हाय झालं तर स्थळं बघायची." मी तिला म्हटलं, सोलापूरला ये, आमच्याकडे बस निवांत. तर म्हणाली, "काम हितूनच करायचं हाय ताई, मग मुलाखतबी हितूनच जमली पाहिजे की."

म्हणून शहरातली तज्ज्ञ, म्हणजे मी, तिकडे गेले. माझं सगळं ज्ञान खुर्ची सावलीत ठेवण्यात आणि तिची ओढणी सारखी करण्यात संपलं.

मुलाखत छान सुरू झाली. पोरगी फडाफड उत्तरं देत होती. तेवढ्यात लाइट आली. दुपारी यायची, ती सकाळीच टपकली. तिकडे लाइटचा नेम नसतो, म्हणून सगळ्यांनी मोटारी ऑटोवर ठेवलेल्या. लाइट आली की आपोआप चालू. काठावरच्या साऱ्या मोटारी एकदम घरघरू लागल्या. आमची मोटार ऑटोवरून काढावी, हे तज्ज्ञबाईंना सुचलंच नव्हतं. स्क्रीनवरचे साहेब ऐकू येईना म्हणून कानामागे हात धरू लागले. पोरीचे डोळे भरून आले. मला तर पाण्यात उडी मारावीशी वाटली.

लाइट असताना चालती मोटार बंद करणं मामांच्या लेखी पापच. दारात जावई आला तरी ते आधी पाणी बघून येतात. तेच मामा धावत सुटले. आपली मोटार बंद केली, मग शेजाऱ्यांच्याही, स्टार्टरच्या पेट्या धडाधड उघडत. केळीच्या बागेतून कुणीतरी ओरडलं, "ओ, मोटार का बंद केली?"

"माझ्या पोरीची मुलाखत हाय!" मामा त्याहून जोरात ओरडले. "घटकाभर पाणी न्हाय मिळालं तर केळी मरत न्हाईत!"

तोवर मोटारी बंद झाल्या होत्या, त्यामुळे हे साहेबांनीही स्वच्छ ऐकलं असणार.

नोकरी लागली. पण ते पुढे कळलं. त्या दिवशी मुलाखत आटोपल्यावर मामा मोटार सुरू करायला गेले आणि बटण दाबायच्या आत लाइट गेली. बाग तशीच कोरडी राहिली. मी ओशाळून उभी होते. मामांनी पेटीचं दार लावलं आणि पोरीला विचारलं, "त्यांला तुझं नीट ऐकू गेलं का?"