पूर्वेला कोण?

नवं माणूस भेटलं की लोक आडनाव विचारतात, गाव विचारतात. आमचे कांबळे विचारायचे, "तुमच्या पूर्वेला कोण?" डोंबिवलीच्या मोजणी ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी मलाही विचारलं. मी गोंधळून म्हटलं, "जिना आहे." "मग पश्चिमेला?" चारी दिशा वदवून घेतल्या, तेव्हा कुठे नाव विचारलं! कांबळे नकाशे काढायचे. जमिनीच्या कागदावर चतुःसीमा लिहितात ना, चारी बाजूंना कोण कोण ते, त्यावर त्यांचा भारी जीव. म्हणायचे, "बाई, आकडा कुणाचाही असतो. शेजार ज्याचा त्याचा."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑफिसात कॉम्प्युटर आला. मी पुस्तक वाचून, चुकतमाकत डेटाबेस शिकले, आणि खरं सांगते, जरा चढलेच. बाळकुमच्या जागांची यादी करायची होती. यादीत नाव नसेल ती जागा नव्या रस्त्यासाठी मोकळी धरणार होते. जुन्या-नव्या नंबरांमुळे काही जागा दोनदा टाइप झालेल्या. मशीनमध्ये प्रत्येक जागा चौकोन म्हणून भरलेली, म्हणून मी मशीनला सांगितलं, दोन चौकोन सारखे निघाले तर एक उडव. मधे बरोबरीचं चिन्ह टाकलं आणि मोकळी झाले.

कांबळे छापील यादीवरून बोट फिरवत होते. थांबले. "या कोळ्यांच्या दक्षिणेला चंद्राबाई लिहिलीय. पण चंद्राबाई कुठाय?"

"मशीन चुकत नाही हो."

"मशीन नसेल चुकलं. तुम्ही त्याला काय विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी ते चंद्राबाईलाच घेऊन आले. नवरा गेलेला, मासळी वाळवायची तेवढी एक जागा, त्यावर घर चाललेलं. टेबलाशी उभी राहून म्हणाली, "अगो बाय, तुझ्या मशीननं माजी जागा खाल्ली का गो?" मला मान वर करवेना.

तिची जागा लांबट, चाळीस मीटर बाय दहा. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक वीस बाय वीसची. कांबळेंनी दोन्ही कागदावर काढल्या आणि म्हणाले, "आता विचारा." मी विचारलं. मशीन म्हणालं, सारख्या! चौकोनांच्या बाबतीत ते चिन्ह नुसतं क्षेत्रफळ बघतं. चौकोन आहे कुठे, लांब की रुंद, त्याला कर्तव्य नाही. 'तोच चौकोन' विचारायचं चिन्ह निराळं होतं, मी न वाचलेल्या पानावर. यादी पुन्हा केली. चंद्राबाईबरोबर आणखी सहा जागा परत आल्या. चूक कुणाची, ते कांबळेंनी साहेबांना कधी सांगितलं नाही.

पुढे कांबळे आजारी पडले, कल्याणला इस्पितळात होते. मी मुद्दाम विचारलं, "पूर्वेला कोण?"

"शहाडचे पाटील. पाय मोडलाय. पश्चिमेला खिडकी."

"आणि उत्तरेला?"

"तुम्ही बसलायत की!"

दोन दिवसांनी मी पुन्हा भेटायला गेले, तर त्या खाटेवर दुसरंच कुणी झोपलेलं. नंबर तोच, चादरही तसलीच. मी दारातच थबकले. शेजारच्या खाटेवरून पाटील हळूच म्हणाले, "ताई, या. माझ्या पश्चिमेला कांबळे होते."