पिकअपला बसायला शिकवताना

गाडी खोलून परत जोडली की एखादा नट हातात उरतोच. तो कुठला, ते सांगता येत नाही आणि फेकवतही नाही. तुर्भ्याला बंडूमामाच्या, म्हणजे सगळ्या गल्लीच्याच मामाच्या, गॅरेजमधले आमचे किस्से तसेच उरलेत.

पिकअप जुनी, दादूसची. दादूस म्हणजे माझा मोठा भाऊ. पावसाच्या तोंडावर गेला. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून आय त्या गाडीत बसलीच नाही. सारसोळ्याहून मासळीची पाटी घेऊन रिक्षाने मार्केटला जाते. विचारलं की म्हणते, "गुडघं दुखतान. गाडी उंच हाय, चढवत नाय."

एकदा स्टॉपवर एसी बस बघितली. थांबली की फुस्स करून खाली बसते, म्हातारी माणसं आरामात चढतात! मी तिथूनच पिकअप वळवली ती थेट मामाकडे. "मामा, हिला पण असं बसायला शिकवायचंय. आय चढली पाहिजे."

"अरे, ही तुझ्यापेक्षा जुनी. उभी राहते तेच उपकार समज!"

पण तयार झाला.

*

चाकांवरचे लोखंडी पाटे काढून तिथे हवेचे रबरी फुगे लावायचे. मी भंगारातून सगळ्यात मोठे उचलून आणले. मोठे ते चांगले, आपला हिशोब!

मामाने एक हातात घेतला. "हे बसचे आहेत. हे लावले तर आय शिडी घेऊन चढेल!"

*

पहिल्यांदा हवा भरायची होती. ऊन आत येतं म्हणून मामाने शटर अर्धं ओढलेलं. गाडीचं तोंड आत, ढुंगण बाहेर. मला राहवलं नाही, बाहेर लोंबणारं बटण दाबलं. गाडी उठली. टप शटरमध्ये रुतला. हवा सोडायचं बटण तर अजून जोडायचंच होतं!

मी बाहेर, मामा आत, मध्ये गाडी. दोन्हीकडून ढकललं, हलेना. शेवटी शटरखालून मामाचा हात आला. "जेवणाची वेळ झाली. डबा तरी सरकव!"

*

हवा गळत होती. पाइपावर साबणाचं पाणी मारायचं, जिथे बुडबुडा येईल तिथे गळती. मामा चमच्याने साबण घालतो. मी अख्खी पुडी ओतली आणि प्रेशरने फवारा मारला. गाडी दिसेनाशी झाली. फेस रस्त्यावर गेला. पलीकडच्या ट्रकवाल्याने येऊन त्यात स्वतःचे पाय धुतले.

"गळती सापडली का?" मामाने विचारलं.

"मामा, गाडीच सापडत नाय!"

इतकं हसलो की फोन काढून दादूसला लावला. रिंग गेली. घरी कपाटावर वाजला असेल. मग कापला.

*

एअर हॉर्नचा पाइप मी स्वतः जोडला, मामाला न विचारता. तो फुग्याच्या पाइपात गेला. महापेच्या सिग्नलला पुढची गाडी हलेना म्हणून हॉर्न दाबला. हॉर्न वाजला आणि पिकअप हळूहळू खाली बसली! ट्रॅफिक हवालदार चालत आला.

"हॉर्न मारून लगेच पाया पडते? अशी गाडी पहिल्यांदा बघितली." मग त्याने दुसऱ्या हवालदाराला हाक मारली. "ए, इकडे ये! तू परत वाजव रे."

तीन सिग्नल सुटले, आम्ही तिथेच.

*

काम पूर्ण झालं त्या सकाळी मामा स्वतः घरी आला. चारही फुगे सारखे भरले आणि बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी एका रेषेत. "बघा वहिनी, नवीन गाडी अशी सरळ नसते!"

आयने पाटी खाली ठेवली. गाडीला एक चक्कर मारली. "ही आपली गाडी नाय."

"आय, तीच हाय."

"आपली गाडी सरल कवा होती?"

दादूस होता तसा जाडजूड. तो बसून बसून ड्रायव्हरची बाजू कायमची दबली होती. मी त्या बाजूच्या फुग्याची हवा सोडली. फुस्स! गाडी उजवीकडे कलली, ग्लास घसरला, पाणी मामाच्या पँटवर.

"अरे, वाकडी का केलीस?" मामा ओरडला.

आता आयची बाजू आणखी उंच झाली होती. खाली करायला मी बटणाकडे हात नेला, तोवर तिने दांडा धरला आणि चढली. पदर नीट केला. दार लावलं. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उभा का रं? पाटी घे नि मागं बस."

मी पाटी घेऊन मागे चढलो. मामाही चढला. पुढे गाडी चालवायला कोणीच नव्हतं.