जयवंताबाईचा कासोटा

जयवंताबाईचं कॉलेजातलं काम एवढंच होतं. सकाळी मराठी वस्तीतल्या मुली घरोघरून गोळा करायच्या, नाला ओलांडून आदिलाबादच्या नव्या कॉलेजात पोचवायच्या, आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत नेऊन द्यायची. मधल्या वेळात मुलींच्या खोलीबाहेर बसायचं. ती मूळची वांकिडीकडची, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातली. नवरा डोमाजी बाजारात भाजी विकायचा. दारोदार भाजी पोचवून तिला सगळी घरं ठाऊक झाली होती, आणि घरांना ती. "जयवंताबाई संगं असंल तर जाऊ द्या पोरीले," असं बाप म्हणू लागले, तेव्हा कॉलेजानं तिलाच नोकरीवर घेतलं.

छप्पन साल उलटलं. मराठवाडा मुंबईकडे गेला, आदिलाबाद आंध्रात आलं, आणि कॉलेजात गुंटूरकडचे नवे प्रिन्सिपॉल आले, वेंकटरत्नम. माणूस सज्जन. नव्या राज्यात कॉलेज कॉलेजसारखं दिसावं, एवढीच त्यांची इच्छा. महिनाभरात हुकूम निघाला. पुरुष कर्मचाऱ्यांनी पँट-शर्ट घालावा. स्त्री कर्मचाऱ्यांनी गोल पातळ नेसावं, कासोटा घालू नये. स्त्री कर्मचारी एकच होती.

हेडक्लार्क सुधाकररावांना कपड्यांचं काही वाटेनासं झालं होतं. निजामाच्या अमलात त्यांनी शेरवानी आणि रुमी टोपी घातली. पोलिस ॲक्शन झाली तसे ते पांढऱ्या टोपीत आले. आता त्यांनी पँट शिवायला टाकली होती. त्यांनीच जयवंताबाईला बोलावून हुकूम समजावून सांगितला.

"काऊन? कासोट्यात काय उघडं दिसून राह्यलं?" तिनं विचारलं.

"दिसत काईच नाई, बाई. हुकूम हाय."

"नेसतो मंग," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं नऊवारी लुगडंच गोल नेसलं. नऊ वार कापड कमरेभोवती गुंडाळल्यावर तिचा आकार कापसाच्या गाठोड्यासारखा झाला. डोमाजीनं पाहिलं आणि तो भाजीच्या पाट्या उचलायला लागला. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला कुठं गप्प बसावं ते कळतं.

नाल्यावर तिला लुगडं दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलावं लागलं. कासोट्यात तिची पिंढरी कोणी कधी पाहिली नव्हती. आता पलीकडचा धोबीही पाहून राहिला. मुली आधी हसल्या, मग त्यांनीच तिच्याभोवती कडं केलं. पोरी सोडायला गेलेली बाई पोरींच्या आडोशानं कॉलेजात पोचली. लाज हुकमाची वाटत होती की स्वतःची, हे तिला ठरवता येईना. पण दुसऱ्या दिवशीही ती तशीच आली, आणि पुढं कित्येक महिने तशीच येत राहिली.

संक्रांतीला प्रिन्सिपॉलची आई गावाहून आली. मुलाचं कॉलेज पाहायचं म्हणून एका दुपारी ती टांग्यातून उतरली. म्हातारी ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, आणि अंगावर घट्ट कासोट्याचं लुगडं. सोवळ्याच्या घरातली बाई. दुसरं काही तिनं जन्मात नेसलं नव्हतं. सुधाकरराव आपल्या नव्या पँटीकडे पाहत उभे राहिले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी घाईनं आईला मुलींच्या खोलीकडे धाडलं आणि जयवंताबाईला म्हणाले, "अम्मा को दिखाओ."

म्हातारीनं खोली पाहिलीच नाही. ती जयवंताबाईलाच पाहत राहिली. मग कमरेच्या त्या गाठोड्याला बोट लावून तेलुगूत विचारलं, "इदेमिटम्मा?" हे काय गं?

जयवंताबाईचं तेलुगू भाजीबाजारापुरतं होतं. ती म्हणाली, "सारु. आर्डरु." साहेबांचा हुकूम.

म्हातारीनं तिला खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ तिचं बोलणं ऐकू येत होतं. त्यातलं जयवंताबाईला फारसं कळलं नाही, पण सूर तिच्या आईचाच होता. दार उघडलं तेव्हा दोघीही कासोट्यात बाहेर आल्या.

व्हरांड्यात साहेब उभे होते. म्हातारी मुलाशी दोनच वाक्यं बोलली. साहेबांनी मान खाली घातली आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं.

हुकूम काही रद्द झाला नाही. तो नोटिशीच्या फळ्यावर तसाच राहिला, उन्हानं पिवळा पडेपर्यंत. मात्र जयवंताबाईला पुन्हा कोणी काही म्हटलं नाही. म्हातारी उन्हाळ्यापर्यंत राहिली. दोघी आठवडी बाजाराला बरोबर जायच्या, एक मराठीत बोलायची, एक तेलुगूत, आणि घासाघीस दोघी मिळून करायच्या. साहेबांच्या घरी ज्वारीची भाकर होऊ लागली, ती त्यांना पचायची नाही.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. पुढचे प्रिन्सिपॉल वरंगलकडचे. त्यांनी कपड्यांचं नावही काढलं नाही. त्यांना वेळेचं वेड होतं, आणि मराठी वस्तीत घड्याळ एकाच घरी होतं, तेही बंद.