चालू हेलिकॉप्टरमधून उतरलेली टेगन

टेगन गॅफनी सैन्यात हेलिकॉप्टर चालवायला शिकायला निघाली, ही बातमी ज्युलिया क्रीक या तिच्या धुळकट गावच्या पबमध्ये पोहोचली तेव्हा मंडळी पोट धरून हसली. पोरगी अठराव्या वर्षापासून हेलिकॉप्टरच उडवत होती. दारं काढून टाकलेलं दोन सीटचं चिमुकलं यंत्र, शेजारी पाण्याचा कॅन, आणि वरून वळायची, खाली धुळीत पळणारी हजार-दीड हजार गुरं. बाप मर्व्ह गॅफनी तीस वर्षं हेच करत आलेला. मग हिला सैन्यवाले शिकवणार काय, डोंबल?

बोलायला काय जातंय! सैन्यात वैमानिक व्हायला नुसतं उडवता येऊन भागत नाही. एक वाट अकादमीची. शाळा संपली की तिथे जायचं, पदवी घ्यायची, मग यंत्राचं तोंड बघायचं. दुसरी, साधा शिपाई म्हणून शिरायचं, वर्षानुवर्षं नटबोल्ट आवळायचे, साहेबांच्या नजरेत भरायचं आणि आतूनच अर्ज टाकायचा. तिसरी वाट बाहेरून, परीक्षा देऊन. टेगन चोवीस वर्षांची. पदवीचा पत्ता नाही, आणि नटबोल्टांचा बापाच्या हाताखालीच वीट आलेला. राहिली तिसरी. त्या वाटेच्या तोंडाशीच बारावीचं गणित आडवं पडलं होतं.

ते तिने गुरं वळायच्या छावणीत केलं. स्वयंपाकी नेव्ह एका हाताने रश्श्याचं भांडं ढवळायचा आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून प्रश्न वाचायचा.

"हा एक्स दर पानावर हरवतो कसा गं?" तो वैतागायचा. "एकदाचा बांधून का नाही ठेवत कुणी?"

टेगनला सैन्यातच का जायचं होतं, हे तिने पबमध्ये कधी सांगितलं नाही. गावाकडे पूर आला त्या वर्षी सैन्याच्या मोठ्या हेलिकॉप्टरने एका खेपेत अकरा माणसं छपरांवरून उचलली होती. टेगनच्या यंत्रात तिच्याखेरीज एकच माणूस मावायचा. एका छपरावर चौघं उभी होती, आणि आधी कुणाला न्यायचं हे तिला ठरवावं लागलं होतं. चौघंही वाचली, देवाची कृपा. पण त्यांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

मुलाखतीला तीन अधिकारी बसले होते. एकाने विचारलं, "माणसं हाताळायचा काय अनुभव?"

"माणसं नाहीत, सर. दीड हजार गुरं."

"ती ऐकायची का तुमचं?"

"निम्मी ऐकायची, सर. उरलेली त्या निम्म्यांच्या मागे जायची."

घेतली तिला. मग आधी बूट चमकवणं, चादरीला सुरकुती न पडू देणं आणि चिखलातून रांगणं. त्यानंतर छोट्या विमानावर हात बसवणं. हे सगळं पार करून ती नौराला पोहोचली. समुद्राजवळचं हिरवंगार गाव, डोळ्यांना टोचेल इतकं हिरवं. इथे सैन्याचं हेलिकॉप्टर होतं, आणि इथेच आमची टेगन अडकली.

झालं असं, की या यंत्रात दोघं बसतात, आणि यंत्र हाकायचा दांडा दोघांपुढेही असतो. शिकवणारा म्हणाला "माझ्या ताब्यात", की शिकणाऱ्याने "तुमच्या ताब्यात" म्हणायचं आणि दांडा त्याच क्षणी सोडायचा. आपल्याला द्यायचा असेल तेव्हाही तसंच, फक्त उलटं. दोघांनी एकाच वेळी ओढलं किंवा दोघांनी एकाच वेळी सोडलं, तर कारभार आटोपलाच. तेव्हा हे शब्द झोपेतही तोंडातून यायला हवेत. टेगनच्या तोंडातून ते यायचे. बोटं मात्र सुटायची नाहीत.

तिला शिकवायला होत्या कॅप्टन हेस्टर रॅम्जी. बाई कमी बोलायच्या, पण बोलल्या की लागायचं. "गॅफनी, तोंडाने दिलंस. हातांनी कधी देणार आहेस?"

"दिला ना, मॅडम!"

"मग माझ्याशी रस्सीखेच कोण खेळतंय?"

टेगन ओशाळायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. का, ते तिचं तिलाच कळेना. या एकाच दोषापायी दोन तपासणी उड्डाणं नापास झाली. रॅम्जीबाईंनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं: तिसरं शेवटचं. तेही गेलं तर घरी. पबमधली चेष्टा तिने पचवली असती. पण पुन्हा कधी पूर आला, तर तेच एका माणसाचं यंत्र, हा विचार तिला पचेना.

तिसऱ्या उड्डाणाच्या दिवशी सकाळी दहाला ती उडाली, आणि काय सुरेख उडाली म्हणता! एका शेतकऱ्याच्या रानात उतरून दाखवायचं होतं, त्याची परवानगी होती. झाडांच्या मधून तिने यंत्र अलगद खाली आणलं. पाती गरगरत होती, गवत लोळत होतं.

आणि तिला फाटक दिसलं. सताड उघडं.

वरच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या दुभत्या गाई होत्या. पात्यांच्या आवाजाने बिथरून त्या कुंपणाकडेने खाली निघाल्या होत्या, सरळ फाटकाकडे. फाटकापलीकडे डांबरी रस्ता, आणि चढावर दुधाचा टँकर.

टेगन म्हणाली, "तुमच्या ताब्यात, मॅडम."

वीस वर्षांची सवय. रॅम्जीबाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "माझ्या ताब्यात," आणि त्यांनी दांडा धरलाही. तेवढ्यात शेजारी पट्ट्याचं बक्कल वाजलं.

"गॅफनी? गॅफनी! कुठे निघालीस?"

गॅफनी गेली होती. वाकून, पात्यांच्या पुढून, शंभर पावलं धावत. पहिली गाय फाटकाशी आणि ती एकदमच पोहोचल्या. "मागे हो बये, मागे हो!" फाटक लोटलं, साखळी अडकवली, गाईच्या नाकावर थाप मारली, आणि आली तशी परत. टँकर शांतपणे निघून गेला.

"लागलं फाटक," तिने पट्टा बांधत सांगितलं.

रॅम्जीबाईंनी दांडा तिला परत दिला नाही. यंत्र त्यांनी स्वतःच परत आणलं. वाटेत कधीतरी टेगनच्या डोक्यात उजेड पडला: पाती फिरत असताना आपण उतरलो, आणि तेही शेवटच्या तपासणीत.

खोलीत गेल्यावर बाईंनी दार लावलं. "पाती फिरत असताना हुकमाशिवाय कुणी उतरत नाही. हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं?"

"हो, मॅडम."

"मग विचारलं का नाहीस?"

टेगनने खरंच विचार केला. "फाटक लावायला कुणी विचारतं का, मॅडम?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "एक सांग. दांडा तू असा सोडलास, की मला कळलंही नाही. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. आज कसा सुटला?"

"घरी एकटीच असते मी. दांडा हलू नये म्हणून स्क्रू आवळायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि फाटक लावायला उतरायचं. पाठ फिरली की जीव टांगणीला." ती थांबली. "आज मागे वळून बघावंसंच वाटलं नाही. तुम्ही होतात ना."

रॅम्जीबाईंनी कागद ओढला. उड्डाण पास. हुकमाशिवाय उतरल्याबद्दल लेखी ताकीद, आणि नव्या तुकडीपुढे उभं राहून आपला पराक्रम स्वतःच्या तोंडाने सांगायचा. "आणि गॅफनी, हसलीस तर दोनदा सांगायला लावीन."

दुपारी तिने घरी फोन लावला. मर्व्ह हसून हसून खोकायला लागला. "फाटक! अगं, आख्ख्या सैन्याला फाटक लावायला शिकवलंस की तू!" मग त्याने विचारलं, "पण आधीची दोन गेली कशी? तुझ्यासारखी उडवणारी!"

"दांडा सुटत नव्हता, बाबा. समोरचा मागायचा आणि माझे हात सोडायचेच नाहीत."

पलीकडचा खोकला एकदम थांबला.

"बाबा? आहेस ना?"

"तो दोष माझा आहे, टेग."

"तुझा कसा?"

"सात वर्षांची होतीस. तुझी आई क्लॉनकरीला कामाला जायची, तुला ठेवणार कुणाकडे? हेलिकॉप्टरमध्ये शेजारी बसवून न्यायचो. फाटक आलं की यंत्र चालूच ठेवून उतरायचो आणि तुला सांगायचो, दोन्ही हातांनी धर, बाबा परत येईपर्यंत काही झालं तरी सोडू नको. मूर्खपणा होता नुसता. पण तू कधी सोडला नाहीस."

टेगनला सगळं आठवलं. सीटच्या कडेला टेकलेली आपली पावलं, थरथरणारा दांडा, दुखून आलेली बोटं, आणि धुळीत लहान लहान होत जाणारी बापाची पाठ. तिला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही.

"परत आल्यावर तुला सांगायला हवं होतं," मर्व्ह म्हणाला. त्याचाही आवाज धड नव्हता. "राहूनच गेलं बघ. सोड आता, पोरी. आलोय मी."